ताता नसलेले तीन आठवडे

"दोर हलू देऊ नका, अम्मा. तो टोपलीत पुरता आल्याशिवाय ओढायचं नाही," मी कुजबुजले.

"मला शिकवायलीस होय?" अंबुबाई तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली. "तू जन्मायच्या आधीपासनं मी त्याला खाऊ घालायलेय."

पहाटेचे पाच वाजले होते. बोळातल्या एकाही दाराची कडी अजून वाजली नव्हती. विहिरीच्या कठड्यावर आम्ही तिघी ओणवलो होतो. मी, अंबुबाई येमुल आणि तिची सून सुगुणा. वेताची उथळ टोपली खाली पाण्यात हातभर बुडवलेली होती आणि तिच्या तळाशी सुक्या बोंबलाचा तुकडा सुतळीनं बांधला होता. सुगुणाच्या हातात माझी बॅटरी होती. उजेड फार पडू नये म्हणून तिनं काचेवर पदर धरला होता.

आधी नळीसारखं लांबट नाक वर आलं. मग ताटलीएवढी पाठ.

"आला, आला!" सुगुणाला हसू आवरेना. तिनं पदराचं टोक तोंडात कोंबलं, आणि उजेड एकदम मोकळा झाला. "अत्तम्मा, आपण चोर झालो की हो!" ती सासूला म्हणाली.

"गप. त्याला ऐकू येतंय."

टोपली वर आली. कासवानं मान आणि पाय आत ओढून घेतले होते. अंबुबाईनं त्याला ओल्या पोत्यात गुंडाळलं, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं आणि आम्ही तिघी तिच्या घराच्या मागच्या दारानं आत शिरलो. परसात सिमेंटचा हौद होता. त्यात पाणी आधीच भरून ठेवलं होतं. तिनं त्याला पाण्यात सोडलं, वर जुनी चटई टाकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"तीन आठवडे. एक दिवस जास्त नाही."

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सोलापुरात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या मंडळाची सभासद होते. मंडळाने शहरातल्या जुन्या विहिरींची पाहणी करायची ठरवली, त्यात पद्मशाली या तेलुगू विणकरांच्या वस्तीतली ही विहीर माझ्या वाट्याला आली. चौकोनी, घडीव दगडाची, एकही पायरी नसलेली. आत हे कासव. ते नेमकं कधी सोडलं हे कुणालाच सांगता येईना. सगळे त्याला ताता म्हणत. ताता म्हणजे तेलुगूत आजोबा.

कासवाला ऊन लागतं. अंगावर ऊन घेता आलं नाही की त्याच्या पाठीवर बुरशी धरते. तातासाठी त्या विहिरीत पाण्याबाहेर बसायला वीतभरही जागा नव्हती, आणि त्याच्या पाठीवर मला पांढरे चट्टे दिसले होते. शिवाय असं कासव पाळणं कायद्यानं गुन्हा आहे. मी पहिल्याच दिवशी बोळातल्या लोकांना हे सगळं सांगितलं. बरेच जण गप्प राहिले. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली साठीची एक बाई तेवढी बोलली. ती अंबुबाई.

"न्या की. पण पाणी बिघडलं मग?"

"पाणी कासवामुळे चांगलं राहत नाही, अम्मा."

"कशावरनं?"

तिचे हात थांबले नव्हते. पान, तंबाखू, वळण, दोरा. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की माझ्याकडे उत्तर नाही. नळाला त्या उन्हाळ्यात पाचव्या दिवशी पाणी येत होतं. मधले चार दिवस चाळीस घरं याच विहिरीचं पाणी पीत होती. आणि मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवत होते.

"मोजून सांगते," मी म्हणाले.

"मोज की. मोजून बिघडलं नाही दिसलं, तर मी स्वतः त्याला तुझ्या हातात देईन. बिघडलं दिसलं तर तू पुन्हा या बोळात यायचं नाही."

अशी ती पैज लागली. तीन आठवडे तो विहिरीत असताना पाणी तपासायचं, तीन आठवडे तो नसताना. गढूळपणा, पाण्यात विरघळलेला प्राणवायू, डासांच्या अळ्या, मैल्यातले जंतू. एक दिवसाआड सकाळी सातला त्याच जागेवरून, तेवढ्याच खोलीवरून बाटली भरायची. माझी एकच अट होती. तो विहिरीत नाही हे बोळात कुणालाही कळता कामा नये. कळलं तर लोक घाबरतील, कुणीतरी रात्रीतून जंतुनाशक पावडर आणून टाकेल आणि माझी सगळी मोजमापं वाया जातील. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे.

अट सगळ्यात जास्त आवडली ती सुगुणाला.

सुगुणा बारावीपर्यंत विज्ञान शिकलेली होती. नवरा भिवंडीला मागावर कामाला, महिन्या-दीड महिन्यानं यायचा. लग्नाला आठ वर्षं झाली होती. मी बाटल्या भरायला जायला लागले तेव्हा पहिले दोन दिवस ती लांबून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी जवळ येऊन म्हणाली, "ताई, बाटली उलटी बुडवून आत सुलटी करायची, म्हणजे वरचा तवंग येत नाही. बरोबर?" त्यानंतर बाटल्यांवर चिठ्ठ्या तीच लावू लागली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

ताताला काढला त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं. बाटलीचं बूच घट्ट करता करता, बाटलीकडेच बघत.

"तीन महिने झाले, ताई. अजून फक्त अत्तम्माला ठाऊक आहे. आणि आता तुम्हाला."

मी तिचा हात धरला.

"तुम्हीही कुणाला सांगू नका," ती म्हणाली आणि पुन्हा ते दाबलेलं हसू हसली. "आपली किती गुपितं झाली बघा."

ती रोज सकाळी नेमानं विहिरीपाशी येई आणि कठड्यावरून रिकाम्या पाण्यात भाकरीचा तुकडा टाकी. बायका पाणी शेंदत असत.

"आला का गं?" कुणीतरी विचारी.

"आता तर खाऊन गेला. तुम्ही उशीर केला."

ऊन वाढलं की ताता तसाही आठ-आठ दिवस तळाशीच बसे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. भाकरी खालचे मासे खात.

विहिरीला लागून राजण्णा गड्डम याचं घर होतं. चाळिशीचा, यंत्रमागावर काम करणारा, बोळातला सगळ्यात बोलका माणूस. पण त्याच्या गालात कायम तंबाखूचा मावा असायचा, आणि मावा तोंडात असताना तो विहिरीपाशी बोलत नसे. नुसते हातवारे करी. एका सकाळी मला काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं दोन्ही हात हवेत फिरवले, बाटलीकडे बोट दाखवलं, डोळे मोठे केले.

"काय म्हणताय, राजण्णा? कळत नाही."

तो वैतागून बोळाच्या टोकापर्यंत गेला, गटारीत थुंकला, चूळ भरली आणि परत आला.

"इचारायलो होतो, यवढं पाणी रोज कुठं नेताय? आमच्या तातानं काय केलंय?"

"तिथंच थुंकून बोलायचं की," सुगुणा म्हणाली. "एवढं लांब कशाला?"

"हितं?" राजण्णानं पाण्याकडे बघून कानाला हात लावला. "ताता बघायलाय की. माझ्या आज्यानं हितं नाक शिंकरलं तर महिनाभर हात वाकडा झालता त्याचा."

सुगुणानं माझ्याकडे बघितलं. मी वहीत आकडा लिहीत होते, म्हणून मला हसू लपवता आलं.

कठड्यापासून दहा पावलांवर चुन्याची एक रेघ होती. तिच्या आत चप्पल घालून कुणी येत नसे, साबण आणत नसे. त्या तीन आठवड्यांत एकदा एक नवीन भाडेकरीण रेघेच्या आत पोराचे हात धुवायला लागली, तर चार घरांतून चार बायका बाहेर आल्या. मी हे सगळं पाहिलं. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

निकाल अगदी स्वच्छ आला. सहा आठवड्यांचे आकडे मी आलेखावर मांडले तेव्हा दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. तो असताना आणि नसताना पाण्यात काहीही फरक नव्हता. मैल्यातले जंतू दोन्ही वेळा नावापुरते. मी आलेख अंबुबाईसमोर धरला. तिला वाचता येत नव्हतं, पण दोन रेषा एक आहेत हे तिला दिसत होतं.

"बरं," ती म्हणाली. "शब्द दिलाय."

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी बोळातल्या लोकांना विहिरीपाशी बोलावलं. मला वाटलं, त्यांना नुसता निर्णय सांगणं बरं नव्हे. त्यांनाही पुरावा दाखवला पाहिजे.

"तुमचा ताता गेले तीन आठवडे या विहिरीत नव्हता," मी म्हणाले.

मग सुगुणानं परसातून पोत्यात गुंडाळलेलं कासव आणलं आणि सगळ्यांना दाखवलं. एकच गलका झाला. मी पाण्याचे आकडे सांगितले, आलेख दाखवला.

"म्हंजे," राजण्णा म्हणाला. तो रेघेच्या बाहेर उभा होता, तोंड रिकामं करून आला होता. "म्हंजे मी तीन आठवडे रिकाम्या विहिरीला भ्यालो?"

"रोज लांब जाऊन थुंकत होता!" सुगुणा म्हणाली.

सगळा बोळ हसला. राजण्णा स्वतः सगळ्यात मोठ्यानं हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. शिकवताना क्वचितच असा क्षण येतो, की समोरच्यांच्या डोक्यातून एक भीती निघून जाताना प्रत्यक्ष दिसते.

अंबुबाई तेवढी हसली नाही. मला वाटलं, तिला कासव जाण्याचं दुःख आहे.

ताताला आम्ही शहराबाहेरच्या तळ्यात सोडलं. वनखात्याचा एक माणूस, मी आणि त्या दोघी. काठावर ठेवल्यावर तो बराच वेळ मान आत घेऊन बसून राहिला. मग नाक बाहेर काढून उन्हात तसाच राहिला. मग हळूच पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. परतताना रिक्षात सुगुणानं निकालाची एक प्रत मागितली.

"कशाला?"

"भिंतीला लावते. कुणी कुरकुर केली तर दाखवायला. अन् पुढं माझ्या पोराला सांगायला, की हे तुझ्या आईनं मोजलंय." तिनं पोटावर हात ठेवला. "चिठ्ठ्या तर मीच लावल्यात की."

जूनमध्ये मला बंगळूरच्या एका संस्थेत तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. जाताना तिचा निरोप घेतला. ऑगस्टमध्ये तिचं एक आंतरदेशीय पत्र आलं. प्रकृती उत्तम, बाळ फार लाथा मारतं, अत्तम्मा रोज काहीतरी कडू करून पाजते. शेवटी लिहिलं होतं: 'राजण्णा आता विहिरीपाशी पण बोलतो. फार बोलतो.'

मी ते वाचून हसले. खोलीतल्या मैत्रिणीलाही वाचून दाखवलं.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन बोळात गेले. वळणावरच मला वास आला. चुन्याची रेघ पावसानं धुतली होती, ती पुन्हा कुणी ओढली नव्हती. कठड्याला टेकून दोघी जणी कपडे घासत होत्या आणि फेस दगडांच्या फटींतून आत जात होता. मी आत वाकून बघितलं. झेंडूच्या कुजलेल्या माळा, दुधाच्या पिशव्या, एक चप्पल. पाणी हिरवं नव्हतं, काळपट होतं. राजण्णाच्या घराच्या मागच्या बाजूला नवीन संडास उभा होता. त्याचा शोषखड्डा विहिरीपासून किती अंतरावर आहे, हे मी पावलांनी मोजलं. साडेचार पावलं.

"ताई!"

सुगुणा दारात उभी होती. चेहरा सुकलेला, पोट मोठं. ती उजेडात आली आणि हसली, आणि मला तिचे डोळे दिसले. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"डोळे. लघवी पिवळी होते?"

"चार-पाच दिवस झाले. उलट्याबी होतात. अत्तम्मा म्हणते, दिवस भरत आले की असंच होतं."

मी पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवला. "पाणी कुठलं पितेस?"

तिला माझ्या आवाजातलं काहीतरी कळलं. ती बावरून आत बघत म्हणाली, "विहिरीचंच की. अत्तम्मा दोन महिन्यांपासून लांबच्या हापशावरनं स्वतःपुरती कळशी आणते. मलाबी तेच पी म्हणायची. पण तिची कंबर अशी, अन् मला उचलू देत नाही. मीच म्हणलं, कशाला उगं? ताईंनी मोजलंय."

तिच्यामागे, देवाच्या फळीशेजारी, माझा कागद लावलेला होता. त्याला वरून प्लॅस्टिक घातलं होतं, डाग पडू नयेत म्हणून.

दूषित पाण्यातून होणारी एक कावीळ असते. साध्या माणसाला ती महिन्याभरात सोडून जाते. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईला बऱ्याचदा सोडत नाही. हे मला ठाऊक होतं. रिक्षात मी तिला धरून बसले होते आणि ती मला विचारत होती, की बंगळूरला पाऊस फार असतो का.

सरकारी रुग्णालयात ती पाच दिवस होती. पहिले दोन दिवस ती बोलत होती. डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात बोलावून थोडक्यात सगळं सांगितलं. मी प्राणिशास्त्राची आहे म्हटल्यावर त्यांनी शब्द सोपे केले नाहीत.

मी मधल्या वेळात विहिरीची एक बाटली भरून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लावून आले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी सुगुणानं डोळे उघडले. बोलताना तिची जीभ जड होत होती.

"पुन्हा मोजलं का, ताई?"

"हो."

"काय आलं?"

निकाल माझ्या पिशवीत होता. मार्च-एप्रिलमध्ये जे जंतू नावापुरते होते, त्यांनी आता सगळ्या नळ्या भरल्या होत्या. मोजणी जिथे संपते, त्याच्या वरचा आकडा होता.

"अजून यायचंय," मी म्हणाले.

"आलं की सांगा. चिठ्ठी मी लावली नाही ना, या बारीला." ती थोडा वेळ श्वास घेत राहिली. "अत्तम्माला बोलू नका काही. तिनं सांगितलं होतं मला."

संध्याकाळी ती आम्हाला ओळखेनाशी झाली. चौथ्या दिवशी बाळ गेलं. मुलगी होती. पाचव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला सुगुणा गेली. नवरा भिवंडीहून निघाला होता, तो वाटेत होता.

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला कपडे वाळत घालायच्या तारा होत्या. तिथे भिंतीला टेकून अंबुबाई जमिनीवर बसली होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले. हात कुठे ठेवावेत हे मला कळत नव्हतं.

"अम्मा, माझी चूक झाली."

तिनं पदर गुडघ्यांवर ओढून घेतला.

"मी नीट मोजलं होतं. सहाही आठवडे. मला अजून कळत नाही, कुठे..."

"तू पाणी बरोबर मोजलीस," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तवा बोळाला ठाऊक नव्हतं की, तो नाही म्हणून."

"म्हणजे?" मी विचारलं.

"त्यांना वाटायचं तो हाय. म्हणून तवाबी तो होताच की, पोरी. त्यानं कुठं घाण खाल्ली? यवढंसं जनावर, ते काय खाणार? चाळीस घरांना तो धरून होता. तू समद्यांना बोलावून सांगितलीस, की रिकाम्या विहिरीला भ्यालात म्हणून. हसले समदे. त्या दिवशी गेला तो. तळ्यावर नंतर गेला."

मागच्या तारेवरची चादर वाऱ्यानं तिच्या डोक्याला लागत होती. तिनं ती बाजूला केली नाही.

"तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं. "मग बोलला का नाहीत?"

"मला बोलता आलं असतं तर तुझ्यासारखी मास्तरीण नसते झाले? नुसतं आत हललं काहीतरी. वाटलं, मी म्हातारी, अडाणी. तू शिकलेली, सून शिकलेली. तुम्ही दोघी हसायलात, तर बरोबरच आसंल." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अजून दोन हायत. यलव्वाची सून, अन् ती नवीन भाडेकरीण. दोघीबी पोटुशी. तेच पाणी."

"मी सांगते त्यांना. उकळून प्या म्हणून सांगते. राजण्णाचा खड्डा..."

"सांगशील. चार दिवस उकळतील. घासलेट कुठलं आणायचं रोज?" तिनं माझं मनगट धरलं. विड्यांच्या दोऱ्यानं कापलेली तिची बोटं खरखरीत होती. "ताताला परत आण."

"तो आता सापडणार नाही, अम्मा. एवढं मोठं तळं."

"मग आणलाय म्हणून सांग."

"काय?"

"सांग, आणून सोडलाय. एकदा गुपचूप काढलावच की आपण, पुन्हा गुपचूप सोडला म्हण. तुझं ऐकतात समदे. माझं नाही ऐकणार."

मी आयुष्यात आकडे कधी बदलले नव्हते. विद्यार्थ्यानं अपेक्षित उत्तर येण्यासाठी एक आकडा फिरवला तर मी त्याची अख्खी वही परत करत असे.

"सांगते," मी म्हणाले.

सुगुणाचं दिवसकार्य झाल्यानंतरच्या रविवारी सकाळी मी बोळात गेले. सगळे आपणहून जमले. सुगुणाला खांदा राजण्णानंही दिला होता. नंतर त्यानं स्वतःच्या हातानं नव्या संडासाला कुलूप घातलं होतं. पण खड्डा तिथेच होता, आणि त्याच्या घरात सात माणसं होती. त्याचे डोळे सुजलेले होते. तो कठड्याला हात लावून उभा होता.

"मी ताताला परत आणलंय," मी म्हणाले. "काल पहाटे. वनखात्याच्या परवानगीनं. विहिरीतला गाळ आणि कचरा आपण आजच काढू या. रेघ पुन्हा ओढू. आता तो इथेच राहणार आहे."

माझा आवाज हलला नाही. मी तयारी करून गेले होते.

दोन-तीन बायका वाकून आत बघू लागल्या. पाणी काळं होतं, हातभर खालचं काही दिसत नव्हतं. यलव्वानं हात जोडायला उचलले आणि तसेच अर्धवट ठेवून ती इतरांकडे बघत राहिली.

"ताई," राजण्णा म्हणाला, "दाखवा की."

"तो तळाशी बसलाय. एवढ्यात वर येणार नाही."

"मी रागानं नाही म्हणत." त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. "खरंच म्हणतो. दिसला तर लई बरं वाटंल. त्या वक्ताला तुम्ही दाखवला होता, पोत्यातनं काढून. तसं दाखवा."

मी पाण्याकडे बघत राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर संशय नव्हता. ते वाट बघत होते. पुरावा मागायचा असतो, हे त्यांना पाच महिन्यांपूर्वी मीच शिकवलं होतं, आणि ते नीट शिकले होते.

मग आधी मागचे लोक हलले. मग बायका. राजण्णा शेवटी गेला, जाताना म्हणाला, "बसा की घरात, ताई. ऊन लागंल."

अंबुबाईनं दारातून सगळं ऐकलं होतं. तिनं रिकामी कळशी उचलली, चुंबळ खांद्यावर टाकली आणि ती लांबच्या हापशाकडे चालू लागली. मी तिच्या मागून गेले. हापशावर मोठी रांग होती. नंबर आल्यावर मी पुढे होऊन दांडा धरला, तर तिनं मला सरकवलं आणि स्वतःच हापसलं. कळशी भरली. ती उचलायला मी वाकले.

"राहू दे," ती म्हणाली.

"अम्मा, तुमची कंबर..."

"राहू दे म्हणलं ना."

तिनं कळशी गुडघ्यावर घेतली, मग कमरेवर, मग कण्हत डोक्यावर. मला हात लावू दिला नाही. पाणी तिच्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं, आणि ती ते न पुसता पुढे चालली होती. यलव्वाच्या दारापाशी ती थांबली, कळशी उतरवली आणि आतल्या सुनेला हाक मारून म्हणाली, "भांडं आण गं. आधी तू घे."